रायफलीचं नवं लाकूड

आज खंडेनवमी, आश्विन शुद्ध नवमी. सकाळपासून घरातली अवजारं पुसते आहे. कात्री, पाना, हातोडी, शिलाई मशीन आणि नोकरीत वापरलेली वेताची छडी पुसून झाली. विळीचा पाट मधोमध तडकला होता, म्हणून काल इथे लातूरमध्येच नवा करून घेतला आणि आता त्याला जवसाचं तेल चोळत बसले आहे. जुना पाट कोपऱ्यात उभा आहे. स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "मॅडम, त्यो बंबात घालू नका बरं. एवढी वर्सं हळदकुकू लावलंय त्याला."

"मग काय करू त्याचं?"

"ऱ्हाऊ द्या तसाच. गंगेला कुनी जानारं भेटलं की सोडतील पान्यात."

गंगा म्हणजे आमच्याकडे गोदावरी. असल्या गोष्टी मी फारशा पाळत नाही. पण हे वाक्य कानावर आलं की तेलाचा हात थांबतो आणि एका बंदुकीचा मोडका दस्ता डोळ्यांसमोर येतो. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा बरेच तपास ठाण्यातच सोडून आले. हा एक बरोबर आला. नावं कुणाचीच देत नाही. गाव भोकर आणि उमरीच्या मधलं, हळद पिकवणारं, एवढं सांगितलं तरी पुरे.

मी तेव्हा त्या भागातल्या एका लहान ठाण्याची प्रभारी होते. पद सहायक पोलीस निरीक्षक. बदलीवर नुकतीच आले होते आणि येताच निवडणुकीची आचारसंहिता लागली. आचारसंहिता लागली की परवानाधारकांच्या बंदुका ठाण्यात जमा करून घ्याव्या लागतात. हे काम ऐकायला सोपं वाटतं. ज्याने वर्षानुवर्षं एक गोळी झाडलेली नसते, तोही बंदूक देताना पोरगी सासरी पाठवल्यासारखा चेहरा करतो. "मॅडम, ओल लागू देऊ नका," "मॅडम, उभी ठेवा, आडवी नको," अशा सूचना देतो. आमच्याकडचे मुद्देमाल सांभाळणारे हवालदार या सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "काळजी करू नका, मी उशाला घेऊन झोपतो."

सगळ्या बंदुका आल्या, एका घरची आली नाही. गावातलं मोठं घर. बंदूक म्हणजे निजामाच्या काळातली जुनी रायफल, घरच्या मालकांच्या वडिलांच्या नावावरची. परवाना वारसाने मालकांकडे आलेला. तिची काडतुसं मिळणं बंद होऊन जमाना झाला होता. मालकांचा थोरला मुलगा ती खांद्याला लावून हळदीच्या रानात फिरायचा, रानडुकरं हाकलायला म्हणून. डुकरं काही बंदूक ओळखत नाहीत, पण माणसं ओळखतात. तेवढंच तिचं काम राहिलं होतं.

दोनदा निरोप पाठवला तेव्हा गुढीपाडवा झाल्यावर मालक स्वतः ती घेऊन आले. साठीचे, हळू आवाजात बोलणारे. हवालदारांनी खोळ काढली आणि मला हाक मारली.

"मॅडम, बघा. नवरी लई म्हातारी हाय, पन शालू नवा."

लोखंड जुनंच होतं. नंबर परवान्याशी जुळत होता. पण खांद्याला लागणारा मागचा लाकडी भाग, ज्याला आपण दस्ता म्हणतो आणि तिकडची माणसं कुंदा म्हणतात, तो कोरा होता. पॉलिशचा वास अजून गेला नव्हता. तळाची लोखंडी पट्टी मात्र जुनी, घासून लख्ख केलेली.

"वाळवी लागली होती मॅडम," मालक म्हणाले. "नांदेडला देऊन करून आणला."

बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. नांदेडच्या माणसाची पावती आणून द्या म्हटलं. ते "हाव, देतो की" म्हणाले आणि गेले. मी रायफल मुद्देमालाच्या खोलीत ठेवायला सांगितली. निवडणुकीच्या बंदोबस्तात एका पावतीचा पाठपुरावा करायला कुणाला वेळ नव्हता.

ठाण्याच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली एक बाकडं होतं. बाजारच्या दिवशी तिथे एक बाई येऊन बसायची. तिशीची, सडपातळ. हात कोपरापर्यंत पिवळे, कारण हळद शिजवायच्या कढईवर ती मजुरीला जायची आणि तो रंग घासून जात नाही. ती आरडाओरडा करत नसे, अर्जही आणत नसे. मी दिसले की उठायची आणि तेच बोलायची.

"मॅडम, माझा मानूस पेत नव्हता."

तिचा नवरा त्याच मोठ्या घरी सालगडी होता. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो मालकांच्या रानातल्या विहिरीत सापडला. खबर देणारा थोरला मुलगा. त्याने सांगितलं, धुळवड होती, दारू पिऊन आला असेल, अंधार पडता पडता मोटार बंद करायला गेला आणि पडला. मी रुजू होण्याआधीच अकस्मात मृत्यूची नोंद झाली होती, पंचनामा झाला होता. शवविच्छेदनात मरण बुडून आलं होतं, आणि डोक्याच्या मागे एक जखम होती, पडताना लागलेली असू शकते अशी. व्हिसेराचा अहवाल यायचा होता. तो आला की कागद बंद, असा सगळ्यांचा हिशेब.

"वस्तीत इचारा," ती म्हणायची. "विहारात येऊन इचारा. त्यानं कधी शिवली न्हाई. आमच्या लेकरांना उद्या लोक म्हनतील, तुमचा बाप पिऊन पडला. ते मला नको."

"मग तुझा संशय कुणावर आहे?"

"संशय म्हनत न्हाई मी. पाडव्यापासनं त्यो दुसरीकडं ऱ्हानार व्हता. ते त्यानं धुळवडीच्या दिवशी मालकाच्या पोराला सांगितलं. एवढं मला म्हाईत हाय. पुढचं न्हाई."

आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला संपतं आणि पाडव्याला नवं लागतं. त्याआधी सांगून दुसरीकडे जाणं यात वावगं काही नाही. पण सगळ्याच मालकांना ते रुचतं असं नाही. मी तिचं म्हणणं ऐकून घेतलं होतं. त्यावर कुणाला उचलून आणावं एवढं त्यात काही नव्हतं, हेही मला दिसत होतं. ते मी तिला सांगितलं. ती "बराबर हाय" म्हणाली आणि पुढच्या बाजारी पुन्हा येऊन बसली.

खबर आली ती भलतीच. पानटपरी चालवणारा आमचा एक माणूस होता, अर्धं खरं आणि अर्धं स्वतःचं सांगणारा. तो म्हणाला, "मॅडम, उमरीकडं एक सुतार बंदुका बनवून राहिला. मी डोळ्यानं बघितलं."

गावठी कट्ट्यांचा कारखाना सापडला तर वरिष्ठ खूश होतात, म्हणून सगळे लगबगीने तयार झाले. दोन पंच घेतले आणि गेलो. सुताराच्या पत्र्याच्या शेडमध्ये नांगराचे दांडे, वखराची लाकडी जानवळी, एक अर्धवट पाळणा. आणि कोपऱ्यातल्या ढलप्यांच्या ढिगावर बंदुकीचा एक लाकडी दस्ता, मानेशी तडा गेलेला.

सुतार पन्नाशीचा, बोलका. पोलीस पाहून आणखी बोलका झाला.

"मॅडम, मला बंदूक धरता बी येत न्हाई. मी पाळने करतो. हे लाकूड हाय निव्वळ. यातनं काय गोळी सुटंल का?"

"मग हे काय आहे?"

"त्यो पयला. बिघडला. शिसवाचा रेषा मानेपाशी आडवा गेला आन् स्क्रू फिरवला तसा चिरला. मग दुसरा केला. त्यो बसला झकास."

"कुणाला बसवला?"

तो गप्प झाला. एवढा बोलणारा माणूस गप्प झाला की समजावं, कुणीतरी गप्प राहायला सांगितलंय. मी घाई केली नाही. त्याला खाली बसवलं, पाणी दिलं आणि दस्ता कसा करतात ते विचारलं. माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारलं की भीती थोडी उतरते. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

त्याने सगळं सांगितलं. जुना दस्ता समोर नमुना म्हणून ठेवावा लागतो. त्याचे दोन तुकडे झालेले, ते सुतळीने बांधून घेतले आणि त्यावर माप काढलं. लोखंड लाकडात नेमकं बसावं म्हणून लोखंडाला गेरू लावायचा, लाकडावर दाबायचं, जिथे लाल उमटेल तेवढंच तासायचं. परत गेरू, परत दाब. "घाई केली की संपलं. हे काय नांगराचं रुमनं न्हाई, ठोकलं आन् बसलं. ह्यो पाहुना हाय, त्याला हळूच बसवावं लागतंय." तळाची लोखंडी पट्टी जुन्यावरून काढून नव्याला लावली.

"जुन्याला वाळवी किती लागली होती?"

"वाळवी?" तो चक्क हसला. "शिसवाला वाळवी? मॅडम, लाकूड टनक व्हतं. मानेत मोडलेलं. कशावर तरी आपटल्याशिवाय मोडत न्हाई तसलं."

"आणि काय दिसलं?"

"पट्टी काढली तर खाली काळं धरलेलं. मी इचारलं, तर म्हनले, रानडुक्कर मारलं." मग त्याच्या लक्षात आलं की आपण 'म्हनले' म्हणालो आहोत, आणि म्हणणाऱ्याचं नाव आता सांगावंच लागेल. त्याने ते सांगितलं. मोठ्या घरचा थोरला मुलगा. धुळवडीनंतर लगेच आला होता, जुने तुकडे परत घेऊन गेला होता.

ठाण्यात आल्यावर मी दोन गोष्टी मागवल्या. अकस्मात मृत्यूचे कागद आणि मुद्देमालातली ती रायफल. शवविच्छेदन अहवालात जखमेची कड सरळ असल्याचं लिहिलं होतं. विहीर मी जाऊन पाहिली होती, ती सिमेंटच्या गोल रिंगची, आत सरळ कडेचं काही नव्हतं. रायफलीच्या तळाची लोखंडी पट्टी मी टेबलावर मोजपट्टी ठेवून पाहिली. हवालदार शेजारी उभे होते.

"मॅडम," ते म्हणाले, "आपन गोळीचाच इचार करतो. गोळी न्हाई म्हनून ही बंदूक निकामी समजून बसलो."

"काठी म्हणून ती निकामी नव्हती," मी म्हटलं.

पण माझ्याजवळ अजून काहीच नव्हतं. घासून लख्ख केलेली पट्टी, कोरं लाकूड, सुताराची आठवण. जुना दस्ता मिळाला तरच काही होतं.

थोरल्या मुलाला बोलावलं. तिशीचा, पांढरे कपडे, गॉगल डोक्यावर चढवलेला. मला "ताई" म्हणाला, मी रोखून पाहिलं तेव्हा "मॅडम" म्हणाला. मी विहिरीचं नाव काढलं नाही. फक्त बंदुकीबद्दल विचारलं, विनापरवाना दुरुस्तीचा कागद करायचा आहे म्हणून.

"कशाने मोडला दस्ता?"

"मोटारसायकलवरनं पडलो मॅडम. बंदूक खांद्याला व्हती."

"वडील तर वाळवी म्हणाले."

"वाळवी बी व्हती."

"सुताराला रानडुक्कर सांगितलंत."

"त्याला काय सांगायचं ते सांगितलं." तो थोडा चिडला. "लाकडाचा काय एवढा तपास करून राहिलात मॅडम? बदललं ना. पैसे माझे गेले."

"जुने तुकडे कुठं आहेत?"

"जाळले. चुलीत."

"तुम्ही जाळले?"

"आईला दिले, तिनं घातले."

मी पेन खाली ठेवलं. माझं माहेर चाकूर तालुक्यातलं, शेतकऱ्याचं घर. आमच्याकडे एकदा पाभरीचा दांडा मोडला होता. सरपणाची टंचाई असतानाही आईने तो चुलीत घातला नाही. पोळ्याला आणि खंडेनवमीला ज्याला गंध लागतं ते जाळायचं नाही, वाहत्या पाण्यात सोडायचं, ही तिची पद्धत. वडील हसायचे, पण दांडा तसाच कोपऱ्यात राहिला. घरातले पुरुष ती पद्धत विसरतात, कारण अवजार पुसणं, गंध लावणं हे त्यांचं काम नसतं. या मुलाने आईच्या हातात तुकडे दिले, "चुलीत घाल" म्हणून सांगितलं आणि त्याच्या दृष्टीने विषय संपला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की ते जळाले.

त्याला ठाण्यातच बसवून ठेवलं. एक महिला कॉन्स्टेबल आणि पंच घेतले आणि मी त्याच्या घरी गेले. उन्हं उतरायला अजून वेळ होता. मालक बाहेर बंगळीवर, म्हणजे ओसरीतल्या झोपाळ्यावर, बसलेले. मालकीण अंगणात मिरच्यांची देठं काढत होत्या. गळ्यात तुळशीची माळ. मी बंगळीकडे न जाता त्यांच्याजवळ जमिनीवर बसले.

"मावशी, बंदुकीचा जुना कुंदा कुठं आहे?"

"चुलीत गेला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"खंडेनवमीला तुमच्यात बंदुकीला गंध कोण लावतं?"

"मीच. सासूबाई गेल्यापासनं मीच लावते."

"आणि तुम्हीच चुलीत घातलात?"

देठ काढणं चालूच राहिलं. एक, मग आणखी एक मिरची. मग हात थांबला. त्या उठल्या, हात धुतले आणि आत गेल्या. कॉन्स्टेबल आणि पंच मागोमाग गेले. देवघराच्या वरच्या फळीवर लाल फडक्यात गुंडाळलेलं काही होतं. त्यांनी स्वतः ते काढून दिलं.

"मिरगाचं पानी आलं की गंगेत सोडनार व्हते," त्या म्हणाल्या. "आता गंगा कोरडी. डबक्यात कसं सोडू?"

फडकं पंचांसमोर उघडलं. दोन तुकडे, सुताराने बांधलेली सुतळी अजून तशीच. तळाकडच्या बाजूला, जिथे लोखंडी पट्टी होती तिथे, लाकूड काळं पडलेलं. स्क्रूच्या भोकांपर्यंत ते आत मुरलं होतं.

"हे काय आहे मावशी?"

"डुकराचं असंल. पोरगा म्हनला, रानात डुक्कर मारलं."

मी त्यांच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं. मला पुढचं वाक्य बोलायला आवडलं नाही, पण ते माझं काम होतं.

"तुम्ही माळकरी. डुकराचं रक्त असतं तर तुम्ही ते उंबऱ्याच्या आत घेतलं असतं?"

बंगळीवरून मालक उठून दारात आले. "मॅडम, तिला काय कळतंय त्यातलं? तुमी मला इचारा."

"कळतंय मला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमी गप बसा जरा."

मग त्या माझ्याशी बोलल्या. आवाज चढला नाही, रडल्याही नाहीत.

"रोज सकाळी माझ्या हातची भाकर घेऊन रानात जायचा त्यो. पोरानं हे हातात दिलं आन् म्हनला, चुलीत घाल. मी बघितलं. इहिरीत कोन गेलं ते तवर समद्या गावाला कळलं व्हतं. त्या जाळावर मला दुसऱ्या दिवशी भाकरी टाकायच्या व्हत्या. कुनाच्या गळ्याखाली उतरल्या असत्या त्या?"

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुठं?" त्या म्हणाल्या. "तुमचे लोक आले, हितं बंगळीवर बसले, चहा पिऊन गेले. चहा मीच केला." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आन् इचारलं असतं तरी सांगितलं असतं का, ते बी म्हाईत न्हाई. पोटचा हाय."

पंचनामा केला, तुकडे सीलबंद केले, त्यांचा अंगठा घेतला. मालक भिंतीला हात टेकून उभे होते. एवढे दिवस त्या खोट्यात आपण एकटेच नव्हतो, बायकोलाही खरं कळलेलं होतं, हे त्यांना त्या दिवशीच कळलं असावं.

संध्याकाळी मुलाच्या समोर लाल फडक्याचं सीलबंद पाकीट ठेवलं. त्याने ते पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आईनं दिलं?" त्यानंतर मला फार विचारावं लागलं नाही. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, पण तपासाला दिशा देतो. सालगडी पाडव्यापासून दुसऱ्याकडे राहणार, आणि तेही ज्याच्याशी यांचं पटत नाही त्याच्याकडे. धुळवडीच्या संध्याकाळी विहिरीजवळ त्यावरून बोलाचाली झाली. प्यालेला होता तो मुलगा. "त्यो सरळ तोंडावर म्हनला, मी काय बांधलेला बैल न्हाई. माझा हात फिरला." बंदूक उलटी धरलेली होती. माणूस खाली पडला, मग मुलगा घाबरला, मग विहीर जवळ होती. पहिला फटका रागाचा होता असं मी मानू शकते. विहिरीपर्यंतची पावलं रागाची नव्हती.

अकस्मात मृत्यूचा कागद गुन्ह्यात बदलला. मयत बौद्ध समाजातला, त्यामुळे अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमं लागली आणि नियमाप्रमाणे पुढचा तपास उपअधीक्षक साहेबांकडे गेला. प्रयोगशाळेतून रक्त माणसाचं असल्याचा आणि मयताशी जुळत असल्याचा अहवाल आला. व्हिसेरात दारू निघाली नाही. जखमेची कड आणि पट्टीची कड जुळत असल्याचं मत डॉक्टरांनी दिलं. ती पट्टी इतके दिवस आमच्याच मुद्देमालात, आमच्याच कुलपात पडून होती. सत्र न्यायालयात शिक्षा झाली. त्यावर अपील आहे, म्हणून अधिक लिहीत नाही. सुतार साक्षीदार झाला. विनापरवाना दुरुस्तीचा कागद त्याच्यावरही झाला. तो मी टाळला नाही, त्याने तो समजून घेतला. कोर्टात त्याने गेरू लावून दस्ता कसा बसवतात ते इतकं रंगवून सांगितलं की न्यायाधीशांना त्याला थांबवावं लागलं. मालकीण साक्षीला आल्या. नातेवाईक साक्ष फिरवतात हे आम्ही गृहीत धरून चालतो. त्यांनी फिरवली नाही. मुलाकडे एकदाच पाहिलं, मग पुढचं सगळं खिडकीकडे बघून सांगितलं.

या तपासातून मी काय शिकले असं मला कार्यशाळांमध्ये विचारत. मी एकच सांगायची. आपण घराच्या बाहेरच्या बाजूला बसून घराबद्दल विचारतो. कोण काय म्हणालं हे पुरुष सांगतात. घरात आलेली वस्तू कुठे ठेवली, काय धुतलं, काय जाळलं, काय जाळलं नाही, हे आत चहा करणाऱ्या बाईला माहीत असतं. तिला विचारायला जमिनीवर बसावं लागतं, एवढंच. ती खरं सांगेलच असं नाही. पण न विचारता तर कुणीच सांगत नाही.

दुसरं मी कार्यशाळेत सांगत नसे. त्या मालकीणबाईंना चांगली बाई म्हणावं की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांनी तो दस्ता जपला तो आमच्यासाठी नाही, त्या मजुराच्या बायकोसाठीही नाही. स्वतःच्या भाकरीसाठी जपला. पाऊस लवकर पडला असता तर तो गोदावरीत गेला असता आणि ती पिवळ्या हातांची बाई अजून त्या बाकड्यावर बसलेली असती. न्याय बऱ्याचदा असा, दुसऱ्याच कुठल्या तरी कारणासाठी जपलेल्या वस्तूंतून मिळतो. त्याला थोर म्हणायची मला गरज वाटत नाही.

अटकेच्या दुसऱ्या दिवशी बाजार नव्हता, म्हणजे ती ठाण्यात येणार नव्हती. गावात बातमी तिच्या कानावर आमच्याआधी जाऊ नये म्हणून मी सकाळीच हळदीच्या खळ्यावर गेले. कढईतून वाफ येत होती. ती शिजलेली हळद पसरत होती. मला पाहून तिने हातातलं घमेलं खाली ठेवलं. मी झालं ते सांगितलं. कुणी, कशाने, कुठे. ती उभ्याउभ्या ऐकत राहिली. मग तिने एवढंच विचारलं, "पिऊन पडला असं जे लिवलंय, ते आता निघंल का?"

"निघेल."

"आज?"

पुरवणी जबाब ठाण्यात घेण्याची पद्धत आहे. मी कॉन्स्टेबलला जीपमधून कागद आणायला सांगितलं, हळदीच्या रिकाम्या पोत्यावर बसले आणि तिला समोर बसवलं. ती पहिल्यांदा जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत लिहिलं, तिला वाचून दाखवलं आणि मगच पुढचा प्रश्न विचारला. ते पहिलं वाक्य असं होतं : माझा मानूस पेत नव्हता.